पेत्रोविच, नागपाडा आणि पांडेसऱ्याचं शटर

परवा सुरतेला पांडेसऱ्यात जाणं झालं, सौ.च्या मामेभावाकडे. मंडळी मूळची जळगावकडची. जीआयडीसीतल्या रंगाई-छपाईच्या गिरण्यांवर सगळ्या गल्लीचं पोट. शेजारी ओडिया, पलीकडे उत्तर प्रदेशातले. संध्याकाळी त्यांचा मुलगा बंद दुकानाच्या शटरवर चेंडू आपटत होता. शटरवर खडूने गोल काढलेला. म्हणाला, "आतोबा, बास्केटबॉल. योकिचसारखा."

हा योकिच सर्बियाचा. अमेरिकेच्या एनबीएत 2021, 2022 आणि 2024 साली सर्वोत्तम खेळाडू ठरला. मला मात्र द्राझेन पेत्रोविच आठवला. क्रोएशियातल्या शिबेनिक गावचा पोरगा. शाळेच्या आधी सकाळी हॉलमध्ये जाऊन शेकडो वेळा नेम धरायचा. 1985 साली एका सामन्यात त्याने एकट्याने 112 गुण केले. 1989 साली पोर्टलंडला गेला तर तिथे बहुतेक वेळ बाकावर. युरोपातला पोरगा आमच्यात काय टिकणार, असाच तेव्हा समज. न्यू जर्सीत गेल्यावर 1992-93 च्या हंगामात त्याने सामन्यामागे सरासरी 22.3 गुण काढून दाखवले. 7 जून 1993 रोजी जर्मनीत मोटार अपघातात गेला, वय 28. पुढे युरोपीय पोरांना बाकावर बसवताना अमेरिकन प्रशिक्षक दोनदा विचार करू लागले, ही त्याची खरी कमाई.

पण असा माणूस आकाशातून पडत नाही. आपल्याकडचं उदाहरण घ्या. मुंबईचा नागपाडा म्हणजे कष्टकऱ्यांची दाट वस्ती, लागूनच विणकरांचं मदनपुरा. तिथे 1927 साली अमेरिकन मराठी मिशनच्या क्लिफर्ड मॅनशार्ट यांनी 'नागपाडा नेबरहूड हाऊस' सुरू केलं. (याच गृहस्थांच्या पुढाकाराने 1936 साली टाटांची समाजकार्याची संस्था निघाली.) याच नागपाड्यात अब्बास मुंतासिर घडले. 1970 साली अर्जुन पुरस्कार. 1975 च्या आशियाई स्पर्धेत भारत चौथा आला तेव्हा कर्णधार तेच. पुरस्कारापेक्षा मला एक गोष्ट मोठी वाटते: त्या चिंचोळ्या गल्ल्यांतून पुढे कितीतरी पोरं या खेळात आली. प्रशिक्षक बच्चूखान यांच्या नावाने तिथे महापालिकेचं मैदान आहे. सत्कार आपण सगळेच करतो, शाल-श्रीफळाला काही कमी नसतं. मैदान ठेवणारे थोडे.

आपल्याला हे नवं नाही. गोव्यात फुटबॉल रुजला तो गावागावांतल्या मोकळ्या मैदानांमुळे. ब्रह्मानंद शंखवाळकरांना अर्जुन पुरस्कार 1997 साली मिळाला, पण त्याआधी पिढ्यान् पिढ्या पोरं भातशेती कापून झाल्यावर त्याच शेतात चेंडू मारत होती. आता त्या शेतांत बंगले उठताहेत, तो विषय वेगळा.

पांडेसऱ्यात मी राहिलो तिथून थोड्या अंतरावर एका शाळेचं प्रशस्त पटांगण आहे. संध्याकाळी फाटकाला कुलूप. सरकारी नोकरीत असल्याने कुलुपाची कारणं मला पाठ आहेत: जबाबदारी कोणाची, दिव्याचं बिल कोण भरणार, काही मोडलं तर? मी मामेभावाला म्हटलं, दहा पालकांच्या सह्यांचा अर्ज कर, संध्याकाळचे दोन तास माग, देखरेखीला पालकांची नावं दे. मसुदा मीच लिहून दिला. तो हसला. म्हणाला, "पाळी संपली की सह्या गोळा करतो."

बाहेर शटर वाजतच होतं.