शब्दविचार : हरवलेली ‘रूथ’

‘रूथलेस’ हा इंग्रजी शब्द वाचला, की एखाद्या कठोर, निर्दय माणसाचे चित्र डोळ्यांपुढे उभे राहते. ‘लेस’ म्हणजे रहित, हे शाळकरी मुलासही ठाऊक असते. परंतु जिच्या अभावी मनुष्य ‘रूथलेस’ ठरतो ती ‘रूथ’ म्हणजे काय, असे विचारले तर इंग्रजीचे चांगले जाणकारही क्षणभर थबकतात.

‘रूथ’ म्हणजे दया, कणव. ‘रू’ या क्रियापदाचा अर्थ दुःख होणे, हळहळणे. ‘ग्रो’पासून ‘ग्रोथ’ व्हावे, त्याच रीतीने ‘रू’पासून हे भाववाचक नाम सिद्ध झाले. १४व्या शतकात चॉसरने ते योजिले. मिल्टनच्या १६३७ सालच्या ‘लिसिडास’ या शोककाव्यातही ते आढळते. बायबलमधील रूथ या स्त्रीचे नाव मात्र मूळ हिब्रू. त्याचा याच्याशी संबंध नाही.

१०६६ साली नॉर्मनांनी इंग्लंड जिंकले आणि पुढे फ्रेंचमधून ‘पिटी’ व ‘मर्सी’ हे शब्द इंग्रजीत आले. तेच कालांतराने रूढ झाले, ‘रूथ’ मागे पडली आणि तिचा अभाव सांगणारा शब्द तेवढा तगून राहिला.

यावरून इंग्रजांस हसण्याचे मात्र कारण नाही. आपला ‘निर्घृण’ शब्दच पाहावा. संस्कृतात ‘घृणा’ म्हणजे जशी किळस, तशीच दयाही; म्हणून निर्घृण म्हणजे दयाशून्य. यांपैकी दयेचा अर्थ मराठीत मावळला. आम्हां इंदूरकरांच्या कानी अहोरात्र पडणाऱ्या हिंदीतही घृणा म्हणजे तिरस्कारच. आजच्या अर्थाने फोड केली, तर ज्याच्या मनात तिरस्कार नाही तो निर्घृण, म्हणजे मोठा सज्जनच म्हणावयाचा! खुनाच्या बातमीत मात्र हा शब्द नित्य भेटतो.

शब्द गेला म्हणून इंग्रजांच्या मनातील दया आटली, असे कोणी म्हणणार नाही. परंतु जी भावना मुलांस शिकवावयाची, तिचे नावही त्यांच्या कानांवर पडावयास हवे. कणव, कळवळा, माया हे शब्द आमच्या घरांतील वडीलधाऱ्यांच्या बोलण्यात अद्याप आहेत. नातवंडांच्या बोलण्यात ते उतरले आहेत काय, हे आपण सर्वांनी एकदा आपापल्या घरी कान देऊन ऐकावे, एवढीच आमची वाचकांस विनंती आहे.