‘धरसोड’ इंग्रजीत कशी लिहावी?

पेडणे-डिचोलीकडील मंडळी पोटापाण्यासाठी वास्कोस जातात, बंदरात किंवा जहाजबांधणीच्या कारखान्यात कामास लागतात. १९६१ पर्यंत तेथील सरकारी कागद पोर्तुगीज भाषेत चालत. आता अर्ज, तक्रार, शिफारसपत्र बहुधा इंग्रजीत लिहावे लागते. घरी मराठी वा कोंकणी बोलणारा मुकादम असे पत्र लिहावयास बसला, की एका चुकीच्या शब्दाने दुसऱ्याच्या पोटावर पाय येऊ शकतो. बोललेले विसरले जाते, फायलीतले राहते.

एखादा कामगार सोमवारी दोघांचे काम उरकतो आणि गुरुवारी फिरकतच नाही. आपण म्हणतो, ‘फार धरसोड करतो’. फार तर ‘लहरी आहे’. इंग्रजीत मात्र रागाच्या भरात ‘हिपोक्रिट’ असे लिहिले जाते. हा शब्द मूळचा ग्रीक. अर्थ, रंगभूमीवरील नट. संत मत्तयच्या शुभवर्तमानात (अध्याय २३) प्रभू येशूने शास्त्री व परूशी यांस लावलेला शब्द तो हाच. त्यात मुखवटा हवा. आळसाने, आजाराने वा दारूपायी कामास न येणाऱ्याने मुखवटा कोठे घातला?

संत पेत्राचेच पाहा. अंत्युखियास तो परराष्ट्रीयांच्या पंक्तीस बसत असे. याकोबाकडील माणसे येताच भिऊन दूर राहू लागला. गलतीकरांस लिहिलेल्या पत्रात (अध्याय २) संत पौल या प्रकारास ढोंग म्हणतो खरा, परंतु आधी कोणी काय केले व कोणाच्या भीतीने केले हे सांगतो, मग तो शब्द योजतो. तक्रारअर्ज लिहिणाऱ्यांनी हा क्रम अवश्य ध्यानात घ्यावा.

धरसोडीस इंग्रजीत योग्य शब्द ‘इन्कन्सिस्टंट’. कामात सातत्य नसेल तर त्यापुढे ‘इन’ येतो: ‘ही इज इन्कन्सिस्टंट इन हिज वर्क.’ सांगणे व हजेरीपट जुळत नसतील तर ‘विथ’: ‘हिज स्टेटमेंट इज इन्कन्सिस्टंट विथ द मस्टर.’ ‘अन्‌रिलायेबल’ हा शब्द जपून वापरावा. तो माणसाचा भरवसाच काढून घेतो.

क्रियापदातही आपली मराठी आडवी येते. ‘तो कधी कधी उशिरा येत असतो’ याचे ‘ही इज कमिंग लेट समटाइम्स’ होत नाही. सवय सांगावयाची तर ‘ही समटाइम्स कम्स लेट’ असे साधे वर्तमान हवे. ‘ही इज ऑल्वेज कमिंग लेट’ हे व्याकरणास धरून आहे, पण त्यात लिहिणाऱ्याचा वैताग डोकावतो, आणि साहेबास वैताग नव्हे, माहिती हवी असते.

आमच्या मते विशेषणाची गरजच थोडी. ‘ही वर्क्स वेल, बट ही वॉज ॲब्सेंट ऑन फोर डेज इन मार्च’ एवढे पुरे. पुढे चारही तारखा द्याव्यात. हजेरीपटावर सही करून मागल्या दाराने घरी जाणाऱ्याची गोष्ट वेगळी, पण त्याच्याविषयीही प्रथम सही, दार आणि वेळ लिहावी.