प्रीती म्हणजे पांघरूण नव्हे

ख्रिस्ती मंडळीच्या हिशेबाबद्दल कुणी प्रश्न काढला, पाळकाच्या वागणुकीवर बोट ठेवले, की त्याला हमखास ऐकावे लागते: “जरा प्रीतीने घ्या.” पाठोपाठ करिंथकरांस पाठवलेल्या पहिल्या पत्राचा तेरावा अध्याय पुढे केला जातो. प्रीती सोशिक असते, तेव्हा तुम्हीही सोसा, असा हा युक्तिवाद.

त्या पत्रालाच हा अर्थ मान्य नाही. लग्नात आवडीने वाचला जाणारा तो अध्याय प्रेषित पौलाने लिहिला भांडखोर मंडळीला. करिंथात गट पडले होते, भाऊ भावाला कोर्टात खेचत होता, प्रभुभोजनाला काहींची चंगळ होई तर गरीब उपाशी राहत. पौलाने यातले काहीही पोटात घातले नाही. बापाच्या बायकोशी संबंध ठेवणाऱ्याला मंडळीबाहेर काढा, असे पाचव्या अध्यायात बजावणारा पौल आणि तेरावा अध्याय लिहिणारा पौल एकच. शिक्षा झालेल्या एका माणसाला आता क्षमा करा, त्याच्यावर तुमची प्रीती आहे हे त्याला कळू द्या, असे दुसऱ्या पत्रात सांगणाराही तोच. दोष झाकायचा नाही आणि दोषी माणसाला कायमचे टाकायचेही नाही, ही त्याची प्रीती.

प्रीतीच्या आज्ञेवर एक आक्षेप असाही की, प्रेम ही भावना. ती आज्ञेने कशी उपजणार? पण शास्त्राने भावनेची सक्ती केलेलीच नाही. वैऱ्याचे गाढव ओझ्याखाली बसलेले दिसले तर त्याला उठवायला हात लाव, असे निर्गमाच्या तेविसाव्या अध्यायात सांगितले आहे. वैऱ्याबद्दल मनात काय आहे, हे तिथे विचारलेले नाही. आज्ञा कृतीची आहे. मन मात्र हुकुमाने बदलत नाही, म्हणूनच गलतीकरांस लिहिताना पौल प्रीतीला आत्म्याचे फळ म्हणतो आणि फळांच्या यादीत तिला पहिले स्थान देतो.

मग नुसती समाजसेवा पुरे नाही का? नाही. सर्वस्व वाटून टाकले तरी प्रीतीवाचून ते व्यर्थ, असे करिंथकरांच्या पत्राचा तोच तेरावा अध्याय म्हणतो. घेणाऱ्याला लाचार करणारे दान आपण सगळ्यांनी पाहिले आहे.

अशी प्रीती व्यवहारात कशी दिसते, हे पंडिता रमाबाईंकडे पाहून कळते. इंग्लंडमधल्या वाँटेज येथील जोगीण सिस्टर जेराल्डीन यांच्याशी त्यांनी धर्ममतांवरून पत्रांतून कडाक्याचा वाद घातला. आपली सदसद्विवेकबुद्धी त्यांनी कुणाकडेही गहाण ठेवली नाही. तरीही ती पत्रे जपून त्यांचा संग्रह केला तो जेराल्डीन यांनीच. 1896-97च्या दुष्काळात रमाबाई स्वतः मध्य प्रांतात गेल्या, तिथून निराधार मुली आणि विधवा आणल्या आणि केडगावला त्यांचा सांभाळ केला. केडगावच्या त्यांच्या मुक्ती मिशनमध्ये 1905 साली झालेल्या आत्मिक जागृतीविषयी आजही भरभरून बोलले जाते. तिच्या कितीतरी आधी तिथे उपाशी मुलींच्या पोटात अन्न पडत होते, हे मात्र सांगायचे राहून जाते.

जागृतीच्या संदर्भात ज्यांचा उल्लेख होतो ती अन्य भाषा, भविष्यवाणी, आरोग्यदान ही आत्म्याची दाने आहेत. ती मिळाल्याने कुणी आध्यात्मिक ठरत नाही. ज्या मंडळीत प्रश्न विचारणाऱ्याला जागा नाही आणि चुकलेल्याला परतीची वाट नाही, तिथे गाणी कितीही गोड होवोत, प्रीती नाही. म्हणून पुढच्या वेळी कुणाला “प्रीतीने घ्या” म्हणण्याआधी त्याच्या प्रश्नाचे उत्तर द्या.