शस्त्रक्रियेपूर्वीचे चार शब्द

शस्त्रक्रिया म्हटली की आपल्या भागातील वृद्धांना प्रथम मिरज आठवते. डॉ. विल्यम वॉनलेस यांनी १८९४ साली तेथे रुग्णालय उभारले आणि दूरदूरचे रुग्ण तिकडे जाऊ लागले. आज बेळगावातच मोठी रुग्णालये आहेत. गुंजीचा रुग्ण सकाळी निघून दुपारपूर्वी तेथे पोहोचतो. साधने वाढली, अंतर घटले. परंतु रुग्णाच्या मनातील भय घटले आहे काय?

गतवर्षी आमच्या वडील बंधूंच्या पित्ताशयावर शस्त्रक्रिया झाली. "अगदी किरकोळ आहे, दादा," एवढेच आम्ही त्यांस सांगितले होते. संमतिपत्र इंग्रजीत होते. ज्या गृहस्थाने चाळीस वर्षांत एक बिलही तपासल्यावाचून चुकते केले नाही, त्याने स्वतःच्या देहाच्या कागदावर मात्र न वाचता सही केली! शुद्धीवर येताच पोटाला लावलेली नळी त्यांनी पाहिली आणि आपला असाध्य रोग घरच्यांनी लपविला, अशी त्यांची खात्रीच झाली. दोन रात्री त्यांचा डोळा लागला नाही. तिसऱ्या दिवशी एका परिचारिकेने जवळ बसून नळी कशासाठी आहे व केव्हा निघेल, हे मराठीत समजावले. त्या रात्री ते शांत झोपले. दोष अधिक आम्हा घरच्यांचाच होता.

ही केवळ भावनेची गोष्ट नव्हे. अमेरिकेतील डॉ. एगबर्ट व त्यांचे सहकारी यांनी पोटाची शस्त्रक्रिया झालेल्या ९७ रुग्णांवरील प्रयोग १९६४ साली प्रसिद्ध केला. वेदना कोठे होईल, किती काळ टिकेल, श्वास कसा घ्यावा, कुशीवर कसे वळावे, हे ज्यांना नीट समजावले होते, त्यांना तीव्र वेदनाशामक औषध निम्मेच लागले आणि ते सरासरी २.७ दिवस आधी घरी गेले.

सांगितल्याने रुग्ण अधिक घाबरेल, असा आक्षेप कोणी घेतील. परंतु व्यापाऱ्यास हे सांगावयास नको की, ठाऊक असलेला तोटा सोसता येतो. झोप उडते ती न कळलेल्या तोट्याने. शिवाय उपचाराचे स्वरूप, धोके व पर्याय समजावूनच संमती घेतली पाहिजे, असे सर्वोच्च न्यायालयानेही २००८ साली समीरा कोहली खटल्यात स्पष्ट केले आहे.

आपल्या संस्था रुग्णालयांस खाटा देतात, यंत्रे देतात. ते उचितच आहे. त्याबरोबरच मराठी, कन्नड व कोंकणी जाणणाऱ्या एका प्रशिक्षित समुपदेशकाच्या वेतनाचा भार आपण का उचलू नये? त्याने डॉक्टरांचे काम करावयाचे नाही. रुग्णाची शंका त्यांच्यापर्यंत व त्यांचे उत्तर रुग्णापर्यंत त्याच्याच भाषेत पोहोचवावयाचे. घरी परतल्यावरही मन खचलेले राहिले, तर २०२२ साली सुरू झालेल्या शासनाच्या 'टेली-मानस' सेवेचा १४४१६ हा क्रमांक घरात लिहून ठेवावा.

अशा दानाचा फलक भिंतीवर लागणार नाही. परंतु शस्त्रक्रियेच्या आदल्या रात्री एखादा रुग्ण निर्धास्त झोपला, तर त्याचे मोल खाटेहून कमी मानू नये, असे आमचे नम्र मत आहे.