चाकांवरच्या घरातील अदृश्य विष

डिसेंबर २०२४ मध्ये केरळमधील वडकरा येथे रस्त्याकडेला उभ्या असलेल्या एका कॅराव्हॅनमध्ये दोन जण मृतावस्थेत आढळले. वातानुकूलनासाठी चालू असलेल्या जनरेटरमधून निघालेला कार्बन मोनॉक्साइड वायू वाहनाच्या तळातील छिद्रातून आत शिरला, असा निष्कर्ष कालिकतच्या राष्ट्रीय तंत्रज्ञान संस्थेच्या तज्ज्ञांनी प्रत्यक्ष चाचणीनंतर काढला. चाचणीत अवघ्या दोन तासांत या वायूचे प्रमाण हवेच्या दर दहा लाख भागांत ९५० भागांच्या (पीपीएम) पुढे गेले होते.

हा वायू रंगहीन व गंधहीन आहे. रक्तातील हिमोग्लोबिनशी तो प्राणवायूपेक्षा दोनशेहून अधिक पट घट्ट बांधला जातो. डोके जड होणे, मळमळणे ही लक्षणे प्रवासाच्या शिणवट्यासारखीच वाटतात आणि माणूस खिडकी उघडण्याऐवजी आडवा होतो. झोपलेल्याला तर तेवढीही सूचना मिळत नाही. म्हणूनच येथे यंत्राचा पहारा आवश्यक ठरतो. अमेरिकेतील प्रचलित मानकानुसार ४०० पीपीएम पातळीला डिटेक्टरने ४ ते १५ मिनिटांत भोंगा वाजवावा लागतो. वडकऱ्याच्या चाचणीतील आकडा याच्या दुपटीहून अधिक आहे.

मात्र डिटेक्टर विकत घेतला म्हणजे काम झाले, असे नाही. तो कोठे बसवला, यावर बरेच अवलंबून असते. धूर तापून वर चढतो, त्यामुळे धुराचा डिटेक्टर छताला हवा. पण शेगडीच्या डोक्यावर नव्हे. तेथे तो प्रत्येक फोडणीला ओरडतो आणि वैतागलेला चालक एके दिवशी त्याची बॅटरीच काढून ठेवतो. स्वयंपाकाचा गॅस, अर्थात एलपीजी, हवेपेक्षा जड असल्याने फरशीलगत साचतो. त्याचा डिटेक्टर खालीच लागतो. कार्बन मोनॉक्साइड यांपैकी कोणतीच वाट धरत नाही. त्याचे वजन जवळपास हवेइतकेच असल्याने तो सर्वत्र मिसळतो. साहजिकच त्याचा डिटेक्टर झोपण्याच्या जागेजवळ, उशाच्या उंचीच्या आसपास असावा. पडद्यामागे, कपाटात किंवा वातानुकूलन यंत्राच्या थेट झोतात तो निरुपयोगी ठरतो. मागे व पुढे अशा दोन ठिकाणी झोपण्याची सोय असेल, तर डिटेक्टरही दोन हवेत.

यातील संवेदकाला आयुष्य असते. बहुतेक उपकरणे पाच ते दहा वर्षांत बदलावी लागतात. चाचणीचे बटण दाबल्यावर भोंगा वाजला, तरी त्यातून भोंगा आणि विद्युतमंडल ठीक असल्याचेच कळते; जुना संवेदक वायू ओळखेल, याची हमी मिळत नाही. घरगुती उपकरण खडखडत्या रस्त्यांसाठी व बंद वाहनातील उन्हाळी तापमानासाठी बनवलेले नसते, हेही ग्राहकाला क्वचितच सांगितले जाते.

महाराष्ट्राने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरण स्वीकारले. मुंबईच्या चित्रसृष्टीत तर व्हॅनिटी व्हॅन ही नित्याची बाब आहे आणि तेथेही जनरेटर असतोच. या वाहनांची जाहिरात गादी, शीतकपाट व दूरचित्रवाणी संच यांच्या बळावर होते. डिटेक्टरचा उल्लेख शोधूनही सापडणे कठीण. आरटीओच्या योग्यता तपासणीत तळाची भोके, जनरेटरच्या धुराड्याची दिशा आणि डिटेक्टरवरील कालबाह्यतेची तारीख पाहण्यास फार तर दहा मिनिटे लागतील. तोवर भाड्याने वाहन घेणाऱ्या कुटुंबाने किल्ली हाती घेण्यापूर्वी ही तारीख स्वतःच वाचावी, आणि रात्री जनरेटर चालू ठेवून झोपू नये.