विनंती अर्ज नको, प्रश्न हवा

नागसेनवनाच्या परिसरात प्रोग्रामिंग शिकणाऱ्या काही मुलामुलींसोबत आम्ही दर रविवारी बसतो. आम्ही म्हणजे नोकरी सांभाळून चळवळीला वेळ देणारे तिघे-चौघे. कोड शिकवणे हा आमचा हेतू नाही. त्यासाठी कॉलेज आहे, यूट्यूब आहे. अडलेल्या मुलाने कुणाला विचारावे आणि कसे विचारावे, एवढेच आम्ही पाहतो. भोकरदन, जिंतूर, किनवटकडून आलेली ही मुले कॉट बेसिसवर राहतात. पदवीपर्यंत पोहोचलेली घरातली पहिलीच. वर्गात प्रश्न विचारला की मागच्या बाकावरून हसू येते, म्हणून रात्री मोबाईलवरून स्टॅक ओव्हरफ्लोवर विचारतात. तिथे आडनाव कुणी विचारत नाही. ज्यांना आडनावाची किंमत कधी मोजावी लागली नाही, त्यांना हे सुख कळणार नाही.

यातल्याच एका मुलीने तिथे पहिला प्रश्न टाकला. सुरुवात 'रिस्पेक्टेड सर' अशी. मग आपण ग्रामीण भागातून आलो आहोत, उद्या सबमिशन आहे, कृपा करून मदत करावी, असा मजकूर आणि खाली स्क्रीनचा मोबाईलने काढलेला फोटो. काही मिनिटांत उणे मते पडली, प्रश्न बंद झाला. तिने अकाउंटच काढून टाकले. रविवारी म्हणाली, "तिथंपण आपल्याला कुणी उभं करत नाही."

आम्ही तापलो. फेसबुकवर टाकण्यासाठी जळजळीत पोस्टही लिहून झाली. तेवढ्यात आमच्यातल्या एकाने तिने जपून ठेवलेला त्या पानाचा स्क्रीनशॉट पुन्हा वाचला. वरच्या पट्टीत एका जुन्या प्रश्नाकडे बोट दाखवले होते आणि तिचे उत्तर तिथे होते. पायथॉनमध्ये यादीची मोजणी शून्यापासून होते, तिचा लूप एक घर पुढे जात होता. 'डुप्लिकेट' हा शिक्का आम्ही हाकलून दिल्याचा समजलो. प्रत्यक्षात तो पत्ता होता. पोस्ट आम्ही टाकली नाही.

राग मात्र पुरता गेला नाही, आणि त्याला कारण आहे. कोडचा फोटो टाकू नये, हा तिथला नियम योग्यच आहे. फोटोतले कोड उचलून चालवून पाहता येत नाही, शोधताही येत नाही. पण तिने फोटो का काढला? लॅबच्या मशीनला इंटरनेट नव्हते, पेनड्राइव्ह लावायला बंदी होती, स्वतःचा लॅपटॉप नव्हता. अर्ध्या तासाच्या पाळीत दुसऱ्याच्या कॉम्प्युटरवर ज्याने कधी कोड लिहिले नाही, त्याला त्या फोटोत आळस दिसतो.

'रिस्पेक्टेड सर'चे मूळ तर आणखी खोल आहे. जातीचा दाखला, शिष्यवृत्ती, वसतिगृह, तहसील. दहावीपासून आमच्या मुलांच्या हाताला एकच लेखनप्रकार बसवला जातो: वरील विषयास अनुसरून विनंती अर्ज करतो की. अर्जात मी कोण, किती गरजू, आणि आपण किती थोर, हे सांगायचे असते. प्रश्नात मी काय केले, काय व्हायला हवे होते आणि काय झाले, एवढेच. अर्ज करणारा वाकलेला असतो. प्रश्नात माणूस बाजूला राहतो, मुद्दा उभा राहतो. स्टॅक ओव्हरफ्लोवर नमस्कार-आभारही मजकुरातून काढून टाकतात. नवख्याला हे उद्धट वाटते. आम्हाला विचाराल तर त्या जागेची सर्वांत चांगली गोष्ट हीच आहे.

हे आमच्या मुलांना परके वाटावे, याचेच नवल. बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९५० साली या शहरात कॉलेज काढले. १ सप्टेंबर १९५१ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते कोनशिला बसली. कॉलेजचे नाव मिलिंद आणि परिसराचे नागसेनवन. म्हणजे एक नाव विचारणाऱ्याचे, दुसरे उत्तर देणाऱ्याचे. त्या पाटीखालून रोज जाणाऱ्या किती जणांना हे सांगितले जाते?

'मिलिंदपञ्ह' या पाली ग्रंथात ग्रीक राजा मिनांडर, म्हणजे मिलिंद, भन्ते नागसेनांना चर्चेसाठी बोलावतो. नागसेन आधी अट घालतात. पंडितांसारखी चर्चा करणार असाल तर करू, राजांसारखी करणार असाल तर नाही. पंडितांच्या चर्चेत मुद्दा उलगडला जातो, खोडला जातो, चूक मान्य केली जाते आणि कुणी रागावत नाही. राजांच्या चर्चेत जो असहमत होईल त्याला दंड होतो. राजा पहिली अट मान्य करतो. पुढे रथाचा दाखला येतो: दांडी म्हणजे रथ का? आस म्हणजे रथ का? चाके म्हणजे रथ का? सुटा करून एकेक भाग तपासायचा. आजचे प्रोग्रामर नवख्याला हेच सांगतात, की चूक शिल्लक राहील इतपत कोड छाटत जा आणि तेवढेच दाखव. (रथाचा मूळ मुद्दा अनात्माचा आहे, हे आम्हाला ठाऊक आहे. भन्तेजींनी क्षमा करावी.)

मग स्टॅक ओव्हरफ्लोवर चर्चा पंडितांची चालते की राजांची? दोन्ही. २००८ साली सुरू झालेल्या त्या जागेवर नवख्याच्या खात्यात एक गुण असतो. उत्तराला पसंतीचे मत द्यायला अनेक वर्षे पंधरा लागत, दुसऱ्याच्या प्रश्नाखाली शेरा लिहायला पन्नास. गुण साठले की काहींना तो मुकुट वाटू लागतो. नवख्यांना, स्त्रियांना, कृष्णवर्णीयांना आणि इतर वंचितांना इथे आपलेपणा वाटत नाही, ही कबुली एप्रिल २०१८ मध्ये खुद्द त्या कंपनीने जाहीरपणे दिली. तेव्हा हा आमच्या पोरांचा न्यूनगंड आहे, असे कुणी समजू नये.

काही मित्र म्हणतात, कॉम्प्युटरला जात नसते, तिथे कशाला हा विषय? कॉम्प्युटरला नसतेच. २०२० साली कॅलिफोर्नियाच्या सरकारी खात्याने सिस्को कंपनीवर जातिभेदाचा दावा दाखल केला, तो काही कॉम्प्युटरविरुद्ध नव्हता.

आणि 'सर्वांसाठी खुले' या शब्दांवर आम्ही सहजासहजी भुलत नाही. १९२३ साली मुंबई कायदे मंडळात बोले यांचा ठराव झाला, १९२४ साली महाड नगरपालिकेने चवदार तळे खुले केले. कागदावर. ओंजळ भरली गेली ती २० मार्च १९२७ रोजी, बाबासाहेबांसोबत माणसे चालत तळ्यापर्यंत गेली तेव्हा. स्टॅक ओव्हरफ्लोही खुलेच आहे, पण चालते इंग्रजीत. पोर्तुगीज, स्पॅनिश, रशियन आणि जपानीसाठी वेगळी दालने आहेत. मराठीच काय, एकाही भारतीय भाषेसाठी नाही.

हल्ली मुले चॅटजीपीटीला विचारतात. तो रागावत नाही, मराठीत बोलतो, रात्री दोनलाही जागा असतो. २०२२ अखेरीपासून स्टॅक ओव्हरफ्लोवर येणारे प्रश्न प्रचंड घटले आहेत. आम्ही नाके मुरडत नाही. ज्याला कुणी उभे करत नव्हते त्याला उत्तर मिळते आहे. पण ते उत्तर त्या खोलीतच राहते, पुढच्या वर्षी येणाऱ्या पोराला ते दिसत नाही. यंत्राने ठासून चुकीचे सांगितले तर 'हे चूक आहे' म्हणणारा तिसरा माणूसही तिथे नसतो. घराघरात नळ आले म्हणून सार्वजनिक तळे बुजवायचे नसते.

म्हणून आम्ही एक वही ठेवली आहे. डाव्या पानावर प्रश्न जसा सुचला तसा, 'रिस्पेक्टेड सर'सकट. उजव्या पानावर तोच पुन्हा, तीन ओळींत, आधी मराठीत आणि मग इंग्रजीत. त्या मुलीने नवे अकाउंट काढले. परवा तिचा प्रश्न उजव्या पानावर अर्धा उतरला आणि चूक तिला स्वतःलाच सापडली. प्रश्न वाया गेला म्हणून ती खट्टू झाली होती.

पुण्याला हिंजवडीत, खराडीत आमची कितीतरी मुले याच नागसेनवनातून गेली आहेत. १४ जानेवारीला नामविस्तार दिनासाठी ती विद्यापीठ गेटवर येतातच. यंदा पुस्तकांच्या स्टॉलशेजारी आमचे एक टेबल असेल. दोन तास बसावे, वहीतले प्रश्न पाहावेत आणि उत्तर मराठीत लिहून खाली सही करावी. लॅपटॉप आमच्याकडे एकच आहे आणि त्याची बॅटरी टिकत नाही. एक्स्टेंशन बोर्ड कुणाकडे असेल तर आठवणीने आणावा.