पिल्लू घ्यायचंय? आधी आई दाखवा म्हणा

आपल्या आयटीवाल्यांना पहिलं बरं पॅकेज मिळालं की दोन गोष्टी सुचतात. एक कार आणि दुसरं कुत्रं. कारसाठी आपण तीन महिने रिव्ह्यू वाचतो, चार शोरूम पालथ्या घालतो, मायलेजवरून मित्रांशी भांडतो. कुत्र्याचं मात्र व्हॉट्सअ‍ॅपवर आलेल्या एका फोटोवर ठरतं! कार आवडली नाही तर विकता येते. कुत्रं दहा-बारा वर्षं घरात राहतं. आता सांगा, जास्त चौकशी कशाची करायला हवी?

मी चंद्रपूरचा, त्यामुळे आमच्याकडचंच बोलतो. गेल्या काही वर्षांत चंद्रपूर, बल्लारपूर, वडसा, गडचिरोली, सगळीकडे जातिवंत कुत्र्यांचं प्रमाण डोळ्यांत भरण्याइतकं वाढलंय. यात वाईट काही नाही. हौस आहे, पैसा आहे, घराला अंगण आहे. पण पिल्लू कुठून येतं असं विचारलं की उत्तर ठरलेलं. 'नागपूरहून एकानं ट्रॅव्हल्सनं पाठवलं.' खोक्याला भोकं पाडायची, ड्रायव्हरला दोनशे रुपये द्यायचे, झालं काम.

माझ्या एका मित्राकडे असंच लॅब्रॅडॉरचं पिल्लू आलं. विकणारा म्हणाला, पन्नास दिवसांचं आहे. डॉक्टरांनी दात पाहिले आणि म्हणाले, जेमतेम महिन्याचं असेल. चौथ्या दिवशी उलट्या, रक्ताची हगवण, आणि सहाव्या दिवशी खेळ खलास. पार्व्हो. विकणाऱ्याला फोन केला तर उत्तर आलं, 'भाऊ, आमच्याकडे होतं तेव्हा चांगलं होतं, तुमच्याकडे आल्यावर झालं.'

हे उत्तर नीट समजून घ्या, कारण सगळा धंदा यावरच चालतो. पार्व्होची लागण झाली तरी लक्षणं दिसायला साधारण तीन ते सात दिवस लागतात. म्हणजे खोक्यातून उड्या मारत निघालेलं पिल्लू आधीच आजारी असू शकतं. बग त्यांच्याकडचा, क्रॅश तुमच्या घरी. म्हणून फोटो आणि व्हिडिओ हा पुरावा नव्हे. पुरावा म्हणजे ती जागा, जिथे पिल्लू जन्मलं.

तर माझा पहिला नियम असा: आई दाखवा. जो ब्रीडर पिल्लांची आई दाखवत नाही, तिथून परत फिरायचं. आई भ्यालेली आहे का, हाडं दिसतायत का, अंगावर गोचिड्या आहेत का, जागेला वास किती, हे दहा मिनिटांत कळतं. लॅब्रॅडॉर किंवा जर्मन शेफर्ड असेल तर आईबापाच्या कमरेच्या सांध्याचा एक्स-रे काढलाय का, हे विचारा. हा सांध्याचा दोष त्या जातींत पिढ्यान्‌पिढ्या उतरतो. प्रश्न ऐकून ब्रीडर हसला, तर तुम्हाला उत्तर मिळालं.

दुसरं, कायदा. होय, यासाठी कायदा आहे! केंद्र सरकारनं २०१७ साली कुत्र्यांची पैदास आणि विक्री यासाठी स्वतंत्र नियम काढले. ब्रीडरची राज्याच्या प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी हवी. आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकता येत नाही. मादी दीड वर्षाची होण्याआधी तिची वीण घ्यायची नाही, आणि वर्षातून एकाहून जास्त वेळा तर नाहीच. आता ज्याच्याकडे एकच मादी आहे आणि 'बारा महिने पिल्लं मिळतील' अशी पाटी आहे, त्याचा हिशोब तुम्हीच करा.

तिसरं, 'केसीआय पेपर'. केनेल क्लब ऑफ इंडियाचा तो कागद वंशावळ सांगतो, तब्येत नाही. डिग्री म्हणजे काम येतं असं नाही, हे आपल्याइतकं कोणाला माहीत! कागद घ्याच, पण मायक्रोचिपचा नंबर त्याच्याशी जुळवून घ्या आणि लसीच्या कार्डावर डॉक्टरांची सही-शिक्का बघा.

आता आमच्या जिल्ह्याचा खास मुद्दा. मे महिन्यात चंद्रपूर, ब्रह्मपुरीचा पारा ४७ अंशांपर्यंत जातो. कुत्र्याला माणसासारखा अंगभर घाम येत नाही, ते धापा टाकून शरीर थंड ठेवतं. पगसारख्या चपट्या नाकाच्या कुत्र्याला तेही धड जमत नाही. २००३ च्या सुमारास 'हच'च्या जाहिरातीतला पग घराघरांत पोचला आणि सगळ्यांना पग हवा झाला. हल्ली हस्कीचं वेड आहे. सैबेरियातल्या बर्फासाठी घडलेलं दुहेरी केसांचं कुत्रं कूलरसमोर बांधायचं, आणि भरदुपारी लाईट गेली की? माझं मत स्पष्ट आहे. पत्ता चंद्रपूरचा ऐकूनही जो एक प्रश्न न विचारता हस्की देतो, त्याच्याकडे सगळे कागद असले तरी तो चांगला ब्रीडर नाही. खरा ब्रीडर तुमचीच मुलाखत घेतो. घरी दिवसभर कोण असतं, कंपाउंड आहे का, उन्हाळ्यात काय करणार, नाही जमलं तर पिल्लू परत आणाल का?

आणि जंगल. ताडोबा लांब नाही, दुर्गापूर-ऊर्जानगरकडे तर बिबट्या वस्तीत येतो. बिबट्याला कुत्रं म्हणजे सोपी शिकार, म्हणून रात्री कुत्रं अंगणात बांधणं म्हणजे त्याला आवतण देणं. दुसरा धोका दिसत नाही. २०१८ साली गीरमध्ये वीसहून जास्त सिंह मेले, आणि तपासणीत कॅनाइन डिस्टेंपरचा विषाणू सापडला. हा कुत्र्यांचाच रोग. तो वाघ-बिबट्यांना होतो, रानकुत्र्यांनाही होतो. ब्रीडरनं लसीत केलेली चालढकल आणि कंटाळून जंगलाच्या कडेला सोडून दिलेलं कुत्रं, याची किंमत आमच्याकडे रानही मोजू शकतं. म्हणून अर्धवट लसीकरण झालेलं पिल्लू घेतलंत, तर सोळा आठवड्यांपर्यंतचे डोस स्वतः पूर्ण करा.

काही जण म्हणतील, एवढी कटकट कशाला, गावठी पाळा ना! अगदी खरंय राजेहो. ऊन सोसणारं, काटक कुत्रं हवं असेल तर त्याच्याइतकं चांगलं काही नाही. पण ज्याला लॅब्रॅडॉरच हवंय, त्याला शिव्या देऊन तो थांबत नाही. तो गुपचूप खोकं मागवतो. त्यापेक्षा त्याला नीट घ्यायला शिकवलेलं बरं.

नागपूर चंद्रपूरहून दीडशे किलोमीटर. एक रविवार काढा, स्वतः जा, आई बघा, पावती घ्या, आणि परत येताना पिल्लू मांडीवर घेऊन या. ब्रीडर म्हणाला, 'अजून दोन आठवडे थांबा, लहान आहे', तर चिडू नका. तोच माणूस बरोबर आहे. त्याचा नंबर सेव्ह करून ठेवा.